ओढ्यापलीकडची विहीर

एकदा एका गावाने एका वृद्ध पाणाड्याला बोलावले, पण ते पाणी शोधून देण्यासाठी नव्हे. गावात पाणी भरपूर होते. दोन खोल विहिरी होत्या, पाच हातपंप होते, ऐन वैशाखातही त्यांची धार तुटत नसे. त्यांतले प्यावे असे पाणी कोणते, एवढेच पाणाड्याने सांगायचे होते.

हा वृद्ध हातात नारळ किंवा डहाळी धरून शेतांतून फिरणाऱ्यांपैकी नव्हता. पन्नास वर्षे त्याने खडक पाहिले होते, विहिरींत उतरून झरे पाहिले होते, आणि जे कळले नाही ते कळले नाही असे सांगण्याची त्याला लाज वाटत नसे. लोक त्याला आबा म्हणत. त्याच्याबरोबर विशाखा नावाची त्याची शिष्या असे. तिने शहरात रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि खडक व पाणी यांचा संबंध समजून घेण्यासाठी ती दोन वर्षे त्याच्याबरोबर हिंडत होती. पाणी तपासण्याची पेटी तिच्या खांद्यावर असे.

बोलावणे आले होते सरपंच यादवरावांचे. त्यांची नऊ वर्षांची नात, मुक्ता, हिचे पाय गुडघ्यांत वाकू लागले होते. वर्षापूर्वी ती धावत असे. आता शाळेपर्यंत चालताना दोनदा बसावे लागे. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिचे दात पाहिले, पायांचा फोटो काढला आणि सांगितले की हा दोष मुलीचा नाही, तुमच्या पाण्याचा आहे.

दोघे मार्गशीर्षात त्या गावी पोहोचले. विशाखाला वाटले होते की आबा आधी विहिरींकडे जातील. ते चावडीच्या ओट्यावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलू लागले. बोलताना त्यांचे लक्ष माणसांच्या दातांकडे होते. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, जणू कोणी काडीने रंग ओढला असावा. मग आबांनी मोठ्या माणसांना एकेक साधी गोष्ट करायला सांगितली: हनुवटी छातीला लावा, हात डोक्यामागे न्या, उकिडवे बसून उठा. चाळिशीचे गडी गुडघ्यांवर हात रेटून उठत होते. एका बाईला मान खाली घालता येत नव्हती. कितीतरी वर्षांत आपण स्वतःचे पाऊल नीट पाहिलेले नाही, असे ती हसत म्हणाली. तिचे हसणे विशाखाला ऐकवले नाही.

पुढचे दोन दिवस विशाखाने गावातले एकूणएक पाणी तपासले. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे आणि त्यात लाल औषधाचे थेंब टाकायचे. रंग गुलाबी राहिला तर पाणी पिण्याजोगे. पिवळा झाला तर त्यात फ्लोराइड जास्त. फ्लोराइड हा खोल खडकातून पाण्यात उतरणारा क्षार. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. थोडा असला तर त्रास होत नाही. फार असला तर वर्षानुवर्षे शरीरात साठत जातो, मुलांचे दात डागाळतो, मोठ्यांचे सांधे धरतो आणि शेवटी हाडे वाकवतो. पाणी उकळले तरी तो जात नाही. पाणी आटते आणि तो तेवढाच राहतो. दोन विहिरी आणि पाच हातपंप मिळून सात नळ्या झाल्या. सातही पिवळ्या झाल्या.

त्यानंतरच्या सकाळी आबा ओढ्याच्या काठाने चालले होते. पलीकडे एक वृद्धा दगडावर उकिडवी बसून भांडी घासत होती. सत्तरीची असावी. भांडी घासून झाल्यावर ती कशाचाही आधार न घेता सरळ उठली आणि डोक्यावर पातेले ठेवून चालू लागली. आबा थांबले. त्यांनी विशाखाला खूण केली आणि दोघे ओढा ओलांडून तिच्यामागे गेले.

ओढ्यापलीकडे चाळीस घरांची वस्ती होती. ती गावाचाच भाग होती, पण पिढ्यान्‌पिढ्या गावाने तिला वेशीबाहेर ठेवले होते. तिथल्या मुलांचे दात पांढरे होते. माणसे मान वळवून मागे पाहत होती, वाकत होती, ओझी उचलत होती. वस्तीच्या टोकाला, ओढ्यापासून दोनशे पावलांवर, दगडांनी बांधलेली एक विहीर होती. फार तर तीन माणसांच्या उंचीइतकी खोल. विशाखाने नळीत पाणी घेतले, थेंब टाकले. रंग गुलाबी राहिला. तिने पुन्हा तपासले, पुन्हा गुलाबी. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

आबांनी तिला कारण समजावले. गावाच्या विहिरी आणि पंप खोल खडकातले पाणी ओढतात. ते पाणी खडकात फार काळ पडून असते आणि खडकातले सारे घेऊन वर येते. ही विहीर उथळ आहे. हिच्यात ओढ्यालगतच्या वाळूतून मुरलेले पावसाचे पाणी येते, आणि ते त्या खडकाला फारसे शिवत नाही. उथळ पाण्याला जंतूंचे भय असते, पण विहिरीवर झाकण ठेवले, जंतुनाशक पावडर टाकली, पाणी उकळून प्यायले, की ते भय टळते.

विहिरीची हकीकत त्या वृद्धेने सांगितली. तिचे नाव सकवारबाई. चाळीस वर्षांपूर्वी गावात पहिला हातपंप बसला तेव्हा वस्तीच्या बायका घागरी घेऊन गेल्या होत्या. त्यांना तिथून परत पाठवले. त्याच उन्हाळ्यात सकवारबाईच्या सासूने आणि इतर बायकांनी पुरुषांना सोबत घेऊन ही विहीर खणली. सकवारबाई तेव्हा नुकतीच दुसऱ्या बाळंतपणातून उठली होती. तिनेही डोक्यावरून माती वाहिली. तेव्हापासून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर चाळीस घरांतली माणसे विहिरीत उतरून गाळ काढत आली होती.

विशाखाला कधी एकदा गावात जाऊन सांगते असे झाले. ती जवळजवळ धावतच चावडीपर्यंत आली. पाठोपाठ आबाही आले. चावडीसमोरच्या हातपंपाजवळ ते थबकले. पंपाला हिरवा रंग दिलेला होता आणि दांड्याच्या मुळाशी त्याचा पोपडा उडाला होता. आबांनी एक खडा उचलून तेथे थोडे खरवडले. हिरव्याखाली लाल रंग निघाला. पिऊ नये अशा पाण्याच्या पंपाला सरकारी माणसे लाल रंग देतात, हे त्या दोघांना सांगावे लागत नव्हते. आबांनी दुसऱ्या पंपाशी जाऊन खरवडले. तेथेही लाल निघाला.

यादवराव चावडीतच बसले होते. आबांनी त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. लपवण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते. अकरा वर्षांपूर्वी एक अधिकारी आला होता. त्याने पाणी तपासले, पंप लाल रंगवले आणि पिण्यासाठी ओढ्यापलीकडच्या विहिरीचे पाणी वापरावे असे कागदावर लिहून दिले. गावाची सभा भरली. त्या विहिरीवर कोण जाणार, हा प्रश्न निघाला आणि तेथेच संपला. पंप लाल दिसले तर गावात मुली द्यायला कोणी तयार होणार नाही, असेही लोकांना वाटले. म्हणून हिरवा रंग आणला. पाणी दिसायला स्वच्छ होते, चवीला गोड होते, आणि इतकी वर्षे प्यायल्याने कोणी मेले नव्हते. मुक्ता तेव्हा जन्मलीही नव्हती.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होते,” विशाखा म्हणाली.

खरे तर यादवराव वाईट गृहस्थ नव्हते. गावात शाळेची इमारत त्यांच्याच खटपटीने झाली होती. नातीला पाठुंगळी घेऊन ते तीन दवाखाने फिरले होते. आणि अशाच भल्या माणसाने, तशाच भल्या माणसांच्या सभेत बसून, गावाच्या पोटात अकरा वर्षे विष जाऊ दिले होते. कारण निर्विष पाणी ज्यांच्याकडे होते त्यांच्या दारी जायचे नव्हते.

त्याच दिवशी दिवेलागणीपूर्वी गावाची सभा भरली. मुक्ताची स्थिती सर्वांनी पाहिली होती, आता पाण्याचे काहीतरी करायला हवे यावर एकमत होते. यादवरावांनी एक योजनाही आखून ठेवली होती. ओढ्यापलीकडच्या विहिरीवर मोटार बसवायची, नळ टाकून पाणी गावाच्या टाकीत आणायचे आणि तेथून घरोघर सोडायचे. वस्तीसाठी विहिरीजवळ एक तोटी ठेवता येईल, सकाळी तासभर. म्हणजे गावातल्या कोणाला ओढा ओलांडायची गरज नाही. सभेला योजना पसंत पडली. वस्तीतले कोणी सभेला आलेले नव्हते, कारण कोणी त्यांना बोलावले नव्हते.

“पाणी काय, सगळ्यांचंच असतं,” यादवराव म्हणाले. “आबा, तुम्ही फक्त तुमचा अहवाल द्या. तेवढ्यावर मंजुरी मिळते.”

विशाखाने तपासणीचा कागद लिहून तयार ठेवला होता. त्यात आठही पाण्यांची नोंद होती, आणि आठव्यापुढे ‘पिण्यास योग्य’ असा शेरा. तिने तो आबांच्या हातात दिला. आबांनी तो वाचला, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला.

“हा कागद मी तुम्हाला देणार नाही,” ते म्हणाले. “ज्यांची विहीर आहे त्यांना देईन. पाणी हवे असेल तर त्यांना विचारा.”

एवढे बोलून ते उठले आणि सभेतून निघून गेले. गाव थक्क झाले. ज्याला पाणी दाखवण्यासाठी बोलावले, तोच पाणी सापडल्यावर तोंड मिटून चालला होता. कोणीतरी म्हणाले की म्हाताऱ्याला मान कमी पडला असेल. ओढा ओलांडून आबा वस्तीत गेले, कागद सकवारबाईच्या हातात ठेवला आणि तिच्या अंगणातल्या बाजेवर जाऊन बसले.

विशाखा मागोमाग आली. दोन वर्षांत ती गुरूवर कधी रागावली नव्हती. आज ती रागावली. ती म्हणाली की मोठ्यांच्या अपराधाची शिक्षा लहानांना कशासाठी? मुक्ता आजही तेच पाणी पिईल, उद्याही पिईल. हातात औषध असताना रोग्याला ताटकळत ठेवणारा वैद्य आणि आपण यांत फरक काय राहिला?

आबांनी तिला पुरते बोलू दिले. मग ते म्हणाले, “विशाखा, चांगले पाणी कोठे आहे हे सांगायला आपण आलो होतो. ते या गावाला अकरा वर्षे ठाऊक आहे. आता मी तेच पुन्हा सांगितले, तर इतकी वर्षे त्यांना माहीत नव्हते, असा खोटा दाखला माझ्या सहीने त्यांना मिळेल. आणि ती मोटार? ही विहीर चाळीस घरांच्या दोरांना पुरते, मोटारीला पुरणार नाही. फाल्गुन संपण्याआधी तिचा तळ दिसेल. मग इथल्या मुलांनी काय प्यायचे? त्या वेळी त्यांच्यासाठी तो हिरवा पंप खुला होईल, बघ. खडकातून विष आले, त्याचा मला राग नाही. खडकाला कळत नाही. हे सारे कळणाऱ्यांनी केले आहे. पोरीच्या आणि या पाण्याच्या मध्ये एक ओढा आणि दोनशे पावले आहेत. ती आपण चालून गेलो तर त्यांना कधीच चालावी लागणार नाहीत.”

विशाखाचे समाधान झाले नाही. ती सकवारबाईकडे वळली आणि म्हणाली, “आजी, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात. निदान त्या पोरीसाठी एक घागर पाठवा. मी स्वतः नेऊन देते.”

सकवारबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

“एकदा गेले होते मी, बाई,” ती म्हणाली. “तो साहेब येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. चावडीसमोर उभी राहिले. म्हटलं, आमची हीर चांगली निघालीय, लेकराबाळांसाठी पाणी न्या, आम्ही नाही म्हणणार नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कोणी वाईट बोललं नाही. मी माघारी फिरले, वळून बघितलं, तर जिथं उभी होते तिथं एक जण पाणी शिंपडत होता.”

तिने भाकरी उलटली.

“त्याच पंपाचं पाणी,” ती म्हणाली. “पोरीनं यावं. पाणी तिचंच आहे. पण मी पुन्हा चावडीवर जाणार नाही.”

विशाखा खाली बसली. ज्या पाण्याने गावाची हाडे वाकत होती, त्याच पाण्याने गावाने ती जागा शुद्ध करून घेतली होती. त्या वस्तीत त्यांना जेवण मिळाले आणि अंथरूण मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी आले नाही. विशाखा विहिरीजवळ बसून ओढ्याकडे पाहत होती. पलीकडे बायका नेहमीप्रमाणे पंपावर जात होत्या. दांड्याचा आवाज येत होता. काही माणसे काठापर्यंत आली, उभी राहिली आणि परत गेली. दुपार झाली. प्रत्येक भरणाऱ्या घागरीबरोबर विशाखाचा संताप वाढत होता, आणि तो आता आबांवर नव्हता.

उन्हे कलू लागली तेव्हा एक बाई ओढ्यात उतरली. तिच्या एका काखेत घागर होती आणि दुसऱ्या हाताने तिने एका मुलीला सावरले होते. ती यादवरावांची सून होती, सुमित्रा. मुक्ता पाण्यातल्या दगडांवरून चालताना पुन्हापुन्हा अडखळत होती. अर्ध्यावर सुमित्राने तिला उचलले आणि घागर पाण्यात सोडून दिली. घागर वाहत जाऊन एका खडकाला अडकली. सुमित्रा तशीच पुढे आली. मागे काठावर यादवराव येऊन उभे राहिले होते. त्यांनी सुनेला हाक मारली. तिने वळून पाहिले नाही.

विहिरीजवळ येऊन तिने मुलीला खाली ठेवले. सकवारबाई बाहेर आली. सुमित्राने तिच्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, “मावशी, पोरीला पाणी पाजायचंय. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही आला होता, तेव्हा मी नवी नवरी होते. मी दारातून बघितलं होतं. मी तेव्हाच यायला पाहिजे होतं.”

सकवारबाईने तिला पाणी काढून दिले नाही. तिने दोर आणि पोहरा तिच्या हातात दिला. सुमित्राने स्वतः पाणी ओढले. मुक्ता ओंजळीने पोटभर प्यायली, मग तिची आई प्यायली. मग सकवारबाईने घरातून आपली एक घागर आणून तिच्यापुढे ठेवली आणि भरून न्यायला सांगितले.

यादवराव तोवर ओढ्यातून अलीकडे आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजले होते. मग सर्वांसमोर त्यांनी विचारले, “सकवारबाई, गावानं इथं पाणी भरायला यावं का?”

उत्तर देण्यापूर्वी सकवारबाईने वस्तीतल्या माणसांना बोलावून घेतले आणि ती त्यांच्याशी बोलली. त्यांतल्या दोघांचे म्हणणे नको असेच पडले, आणि त्यांना कोणी चूक म्हटले नाही. शेवटी जे ठरले ते तिने सांगितले. मोटार बसणार नाही. पाणी फक्त पिण्याचे आणि स्वयंपाकाचे न्यायचे. लहान मुले आणि गरोदर बाया असलेल्या घरांनी आधी. रांग एकच राहील, जो आधी येईल तो पुढे. उन्हाळ्याच्या तोंडावर गाळ काढायला पाणी नेणाऱ्या प्रत्येक घराने माणूस पाठवायचा, आणि तो विहिरीत उतरेल, काठावर उभा राहणार नाही. पंप पुन्हा लाल व्हायला हवेत, आणि ते सरपंचांनी स्वतःच्या हाताने रंगवायचे.

यादवरावांनी सगळे मान्य केले. दुसऱ्या दिवशी ते हातात कुंचला घेऊन चावडीसमोर बसले होते.

सगळे गाव सुधारले असे मात्र झाले नाही. काही घरांनी त्या विहिरीवर जायचे नाकारले आणि ती लाल पंपाचे पाणी पीत राहिली. बाकीची येऊ लागली. काही शरमेने, काही भीतीने, आणि काही केवळ सोयीने. आबा आणि विशाखा आणखी पंधरा दिवस राहिले. ओढ्याच्याच काठाने वर, जिथे वाळू खोल होती तिथे, आबांनी दुसऱ्या उथळ विहिरीची जागा दाखवली आणि गावाने व वस्तीने मिळून ती खणली. तिचेही पाणी गुलाबी निघाले. मुक्ताच्या पायांविषयी डॉक्टरांनी सांगितले की वाकणे आता थांबेल, पुढे थोडे सुधारेलही, पण पूर्ण सरळ होतीलच असे नाही. या पाण्यावर वाढणाऱ्या तिच्या पाठच्या भावंडांना मात्र धोका नाही.

गाव सोडताना विशाखाने आबांना विचारले, की शेवट गोड झाला असे म्हणायचे का?

“त्या पोरीला विचार,” आबा म्हणाले. “आणि सकवारबाईला विचार. आपण म्हणणारे कोण?”

नंतर अनेक वर्षे विशाखा गावोगाव पाणी तपासत राहिली. आबा गेल्यावरही तिने ते काम सोडले नाही. कोणत्याही नव्या गावात गेली की पेटी उघडण्याआधी ती चावडीवर बसते आणि सगळ्यांदेखत एक प्रश्न विचारते: या गावात कोणाला कोणत्या पाण्यावर येऊ देत नाहीत? कोणी खाली पाहते, कोणी आता तसे काही राहिले नाही असे म्हणते. विशाखा उत्तराची वाट पाहत बसून राहते, आणि उत्तर मिळाल्यावरच नळीत पाणी घेते.

आपापल्या गावात हा प्रश्न एकदा मोठ्याने विचारून पाहावा. त्यासाठी पेटी लागत नाही.